चीक गप्प झाला की उतरव

कोल्हापूर, ४ मार्च

ती. आक्कास,
गुरुसिद्धचा शरणार्थ.

एक कुरडई मला काय भावाने पडली ते आधी सांगतो, बाकीचं मग. साडेतीन दिवस. तीन किलो गहू. महादेवीच्या वेळचं जाड बुडाचं पातेलं, ज्याचं बूड आता घासून घासूनही पांढरं होत नाही. उजव्या करंगळीचं नख. शेजारच्या शालूबाईंशी वीस वर्षांची बोलचाल, ती चार दिवस बंद. आणि उडदाचे चार पापड. एवढं खर्ची पडून हातात आली एक कुरडई. काल होळीला पुरणपोळीबरोबर तळायला घेतली, तर ती फुलली नाही. तेलात विरघळली.

तुझं कार्ड आलं होतं. "यंदा कुरडया पाठवणार नाही. सुष्मिताच्या रुखवतासाठी तूच कर. कसं ते पत्रातून सांगेन. फोन करू नकोस." मी कार्ड उलटं करून बघितलं, मागं काही लिहिलंय का. तीस वर्षं आमच्या घरात गडहिंग्लजच्या कुरडया आल्या, आणि पोरीच्या लग्नाच्याच वर्षी तू हात वर केलेस!

इथं तयार रुखवत भाड्यानं मिळतं. थर्माकोलची बैलगाडी, प्लॅस्टिकचे मोदक, सगळं हॉलवर आणून मांडतात आणि रात्री उचलून नेतात. मी सुष्मिताला म्हटलं, घेऊ की. ती म्हणाली, "पप्पा, भाड्याचं रुखवत मांडायचं तर आईपण भाड्यानं आणा." महादेवी जाऊन चार वर्षं झाली. मग त्या भरात मी गच्चीवर सगळ्या सोसायटीपुढं बोलून बसलो, माझ्या पोरीच्या रुखवतात विकतची काडी दिसणार न्हाय.

आता पापडांचं. शालूबाईंना विचारलं, कुरडईत काय काय घालायचं. त्या म्हणाल्या, "मीठ, हिंग आन् पापड चार." घातले की मी, कुस्करून. चीक फाटला. मी त्यांना बोललो, त्या मला बोलल्या. बाई तोंडात लवंग धरून बोलतात. हल्ली सगळेच असं बोलतात. माझा फोरमन अमरसिंह, पैलवान गडी, तोही अलीकडं पुटपुटतो.

दुसरी खेप मात्र जमली. फोटो सोबत आहे, सुष्मितानं काढलाय. हॉटेलांच्या ताटांचे फोटो काढून चार पैसे मिळवणारी पोरगी आहे, तेव्हा कुरडया शोभून दिसतायत. लग्न बसव जयंतीनंतरच्या रविवारी, २६ एप्रिलला. तू आठ दिवस आधी ये. आशिर्वाद असू दे.

तुझा
गुरू


गडहिंग्लज, ९ मार्च

चि. गुरुसिद्धास,

आशीर्वाद मागायचाच तर शी दीर्घ मागावा. पस्तीस वर्षं मुलांना शिकवलं आणि भाऊ तसाच राहिला.

फोटो पाहिला. ताटातल्या चोवीसच्या चोवीस कुरडया एका मापाच्या आहेत. माणसाचा हात दहाव्या कुरडईनंतर दमतो, पीळ सैल पडतो, एखादी लंगडी निघते. या यंत्राच्या आहेत. शिवाय ताटाखालून दुकानाच्या पिशवीचा लाल कोपरा डोकावतो आहे. सुष्मिताला तो दिसला नसेल असं मला वाटत नाही. तिने मुद्दाम ठेवला असेल.

पापड चार नव्हे रे. पापडखार. खार! तोही कुरडईत चिमूटभर, घातला तर घातला. शालूबाईंची माफी माग, जाताना हातात काहीतरी घेऊन जा.

आता नीट वाच. गहू तीन दिवस भिजव, पाणी रोज बदल, नाहीतर वास सोसायटीभर जाईल. चौथ्या दिवशी वाटून, गाळून, चीक रात्रभर बसू दे. सकाळी वरचं पिवळं पाणी हलक्या हाताने ओत. खाली राहील तो चीक. जितका चीक तितकं पाणी, त्यात मीठ-हिंग, उकळी आली की चीक धारेने सोड आणि हात थांबवू नकोस. शिजताना चीक बोलतो. तो बोलेल तोवर ढवळ. अव्वा आपल्या दोघा लेकरांना एवढंच सांगायची, आठवतं? चीक गप्प झाला की उतरव. त्याच्या आधी उतरवलास तर कुरडई तेलात विरघळते, नंतर उतरवलास तर सोऱ्यातून उतरत नाही.

लग्नाला येण्याचं काही खरं नाही. गुडघे आहेत, ऊन आहे. माझे आशीर्वाद पोस्टाने येतील, आणि ते शुद्धलेखनासह येतील.

तुझी
आक्का


कोल्हापूर, १५ मार्च

ती. आक्कास,
शरणार्थ.

त्या कुरडया विकतच्या होत्या. कबूल. सुष्मिता म्हणते, "आत्या डिटेक्टिव्ह आहे." कोपरा तिनंच ठेवला होता, तेही कबूल करून हसत होती.

अर्धा किलो खाजा घेऊन शालूबाईंकडं गेलो. त्या म्हणाल्या, "अवो भाऊ, तुम्ही पापड कुस्कराय लागला तवा मला वाटलं, तुमच्या लोकांत तसंच घालत असतील. म्हटलं कशाला बोला!" मग पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की ठसका लागला. बोलचाल सुरू झाली. आता त्या रोज सकाळी आमच्या किचनमध्ये येऊन उभ्या राहतात आणि मी काय चुकतोय ते सांगतात. मला निम्मं कळतं, पण जीव लावून सांगतात.

सोऱ्या जुना झालाय, त्याची चकती झिजलीय. मी शिरोलीत लेथवर बसून पितळेची नवी चकती केली. भोकं स्वतः पाडली, कडा स्वतः घासल्या. सतराव्या वर्षी फाउंड्रीत वाळू चाळायला लागलो, आज त्याच एमआयडीसीत माझी स्वतःची भट्टी आहे, पण इतक्या आनंदानं एक नग केल्याचं आठवत नाही. महादेवी असती तर म्हणाली असती, "पंचवीस वर्षं मागत होते."

पण आक्का, चीक बोलतो म्हणजे काय बोलतो? पातेल्यावर कान धरून बघितलं, कान भाजला. दुसरी खेपही गेली. लापशी झाली. आता कानाच्या बाबतीत मला कुणी शिकवावं अशी वेळ नव्हती. तुला ठाऊक आहे, माझ्याकडं कास्टिंग तपासायला यंत्र नाही. प्रत्येक नग हातोडीनं वाजवून मी स्वतः पास करतो. चांगला असला तर टण्ण म्हणतो, आत चीर असली तर ठप्प. गेल्या चार वर्षांत मी पास केलेला एक नग गिऱ्हाइकाकडून परत आलेला नाही. अख्ख्या शिरोलीत असा कान दुसरा न्हाय, हे मी नाही, लोक म्हणतात. असा माणूस एका पातेल्यापुढं हरला.

आणखी एक. तू रागावली आहेस हे मला ऐकू येतंय. संगमेशचं स्थळ पक्कं करताना तुला आधी विचारलं नाही, त्याचा राग. वर्षभर फोन नाही. कधी मोबाईल बिघडला, कधी रेंज नाही. दिवाळीला आलो तेव्हा तू दोन तास सलग बोललीस आणि मला बोलू दिलं नाहीस, मी म्हटलं आक्का खुशीत आहे. आता कळतं, ती खुशी नव्हती. चुकलो. पाया पडतो. पण लग्नाला न येण्याएवढी शिक्षा देऊ नकोस.

सुष्मितानं रुखवतासाठी एक मांडणी केलीय. महादेवीच्या जुन्या साड्यांच्या काठांची तोरणं शिवलीत, आणि त्यांच्या मधोमध फोटोंच्या चौकटी. फोटो फक्त हातांचे. शालूबाईंचे तिखट कांडतानाचे, तिच्या सासूबाईंचे वाती वळतानाचे. तिच्या आईच्या हातांचा एकही फोटो आमच्याकडं नाही. सगळे लग्नाकार्यातले, तोंडाचे. म्हणून मधली चौकट तिनं तुझ्यासाठी मोकळी ठेवलीय. तुझे हात, सोऱ्यावर. मी म्हटलं, आत्या येणार नाही म्हणते. ती म्हणाली, "मग चौकट मोकळीच लावीन."

तुझा
गुरू


गडहिंग्लज, २० मार्च

चि. गुरूस,

रागावले असते तर पत्र लिहिलं असतं का? सुष्मिताला सांग, संगमेशचा फोटो मला आवडला. त्याचे कान मोठे आहेत, बायकोचं ऐकेल.

काल पाडव्याला गुढी उभारली. कडुलिंबाची चटणी तू लहानपणी गालात धरून मागच्या दारी थुंकायचास, ते आठवलं. दोन साखरगाठी पोस्टाने पाठवते आहे. एक शालूबाईंना दे.

चीक काय बोलतो ते लिहून सांगता येत नाही. मी तीनदा लिहिलं आणि फाडलं. तू असं कर. पुन्हा चीक घाल. या वेळी घरातलं सगळं बंद ठेव, पंखासुद्धा. तू कानाचा माणूस आहेस ना? मग जे ऐकशील ते मला लिही. पाणी उकळण्यापासून गॅस बंद होईपर्यंत, अगदी पहिल्यापासून. एकही आवाज गाळू नकोस. बरोबर आहे की नाही ते मी वाचून सांगेन.

चौकटीचं नंतर पाहू.

आक्का


कोल्हापूर, २९ मार्च

ती. आक्कास,
शरणार्थ.

साखरगाठी पोचल्या. शालूबाईंनी त्यांची फ्रीजला अडकवलीय.

तिसरी खेप काल सकाळी घातली. सुष्मितानं पंखा, फ्रीज, मोबाईल सगळं बंद केलं. शालूबाईंना बोलायचं नाही अशी शपथ घातली. त्या तोंडावर बोट ठेवून उभ्या राहिल्या, आणि एवढा वेळ गप्प बसण्याचा हा त्यांचा पहिलाच प्रसंग होता असं त्या नंतर म्हणाल्या. मी वही घेऊन बसलो. आता तुला जे पाहिजे ते लिहितो.

आधी नुसतं पाणी. खदखद, खदखद. एसटी स्टँडवर उभ्या गाडीचं इंजिन वाजतं तसं. मग चीक सोडला आणि एकदम सगळं बंद. मी गॅसकडं हात नेला. शालूबाईंनी मनगट धरलं आणि मान हलवली. ही गप्प ती गप्प नव्हे.

मग उलथनं फिरवत राहिलो. आवाज दूध ढवळल्यासारखा, सैल. हळूहळू जड झाला. उलथनं पुढं गेलं की मागं खड्डा पडतो आणि तो भरताना "भळ्ळ" होतं. इथपर्यंत चीक नुसता हलतो, बोलत नाही.

मग पहिला बोलला. "पच्." थांबला. मी मनात दहा मोजले. "पच्... पच्." म्हातारं माणूस बिडी ओढतं ना, तसा. नंतर चारी बाजूंनी सुरू झाले. पचक्, भस्, पचक्. भाऊबंदकीचं भांडण लागल्यागत, कुणी कुणाचं ऐकेना. एक थेंब उडून माझ्या मनगटावर आला. त्यानंतरचा आवाज माझा, तो लिहीत नाही.

रंग पांढऱ्याचा काचेसारखा होत गेला आणि भांडण मिटत आलं. कडेचे गप्प झाले, मग मधले. शेवटी तळातून एकटाच कुणीतरी बोलत राहिला. तो पच् नव्हता, आक्का. तो "हुं" होता. आपण मागच्या दारातून अव्वाला हाक मारायचो आणि ती चुलीपुढून मान न वळवता "हुं" म्हणायची, तसा. जाड, पोटातला. हात भरून आला होता तरी मी ढवळत होतो. परत एकदा "हुं". बराच वेळ गेला. आणखी एकदा. मी चौथ्याची वाट बघितली. तो आला नाही.

मी गॅस बंद केला. शालूबाईंनी तोंडावरचं बोट काढलं आणि सोऱ्या पुढं केला.

गच्चीवर प्लॅस्टिक अंथरून एकशे बारा कुरडया घातल्या. चकती लोण्यासारखी चालली. दहाव्यानंतर पीळ सैल झाला, तू म्हणाली होतीस तसा. बऱ्याच लंगड्या आहेत. आज संध्याकाळी एक तळली. कढई भरून फुलली. सुष्मितानं फोटो काढायला कॅमेरा उचलला आणि तसाच खाली ठेवला. तिला रडू येत होतं, तिनं कुरडई खाऊन टाकली. म्हणून या वेळी फोटो नाही.

तू शिकवलंस म्हणून झालं. एवढ्या लांबून, कागदावर. आयुष्यात पुष्कळ लोकांनी मला हात दिला, पण असा कुणी दिला नाही.

बरोबर ऐकलं का मी?

तुझा
गुरू


गडहिंग्लज, ३ एप्रिल

चि. तम्मा,

तुला मी लहानपणी तम्मा म्हणायचे, शाळेत मास्तरीण झाल्यापासून म्हणायचं सोडलं. आज म्हणते.

बरोबर ऐकलंस. तीन वेळा. तीनच.

तुझं पत्र पुष्कळदा वाचलं. शेवटी मोठ्याने वाचलं. मला ते ऐकू आलं नाही, पण "हुं" म्हटल्यावर गळ्यात जाणवलं. दोन वर्षांनी चीक बोललेला मला कळला तो असा, तुझ्या वाकड्या अक्षरात.

मला ऐकू येत नाही, गुरू. आधी उजवा गेला, मग डावाही. कुणी समोर बसून मोठ्याने, ओठ हलवून बोललं तर अंदाजाने समजतं. फोनवर काहीच नाही. म्हणून मोबाईल बिघडला होता. दिवाळीला दोन तास बोलले ते यासाठी, की मी बोलत असेपर्यंत तू काही विचारणार नाहीस. गेल्या वर्षी चीक गप्प कधी झाला ते कळलं नाही, सगळ्या कुरडया वाया गेल्या. तुला पाठवल्या त्या इथल्या बचत गटाच्या बायकांकडून आणल्या होत्या. तुमच्यापैकी कुणाला कळलं नाही. खरं सांगते, याचंही थोडं वाईट वाटलं.

लग्नाला का येत नाही तेही सांगून टाकते. मागच्या मे महिन्यात इथेच एका लग्नाला गेले होते. गर्दी, बँड. माझ्याबरोबर नोकरीला असलेली बाई जवळ आली, हात धरून काही बोलली. सगळे हसत होते, मला वाटलं नातवाच्या लग्नाचं सांगते आहे. मी हसून म्हटलं, "वा, छान झालं!" तिचा नवरा वारला होता. दोन महिन्यांपूर्वी. तिने माझा हात सोडला, तो सोडलेला मला अजून जाणवतो. सुष्मिताच्या लग्नात मी कुणाला काय म्हणून बसेन सांगता येत नाही. त्यापेक्षा चौकट मोकळी बरी.

कानाच्या डॉक्टरकडे जा असं तू म्हणशील. एका अटीवर येईन. तपासणीच्या खोलीत आधी तू बसायचंस. "पापड चार" वाचलं तेव्हाच माझ्या लक्षात आलं. लोक पुटपुटतात, लोक तोंडात लवंग धरतात, हे सगळं मी तुझ्याआधी म्हणून झाले आहे. ही पायरी माझ्या ओळखीची आहे.

आक्का


कोल्हापूर, ६ एप्रिल

आक्का,

शरणार्थ वगैरे नंतर.

मी कानावर पोट भरणारा माणूस, आणि सख्खी बहीण दोन वर्षं माझ्या एकाही प्रश्नाचं उत्तर देत नव्हती ते मला ऐकू आलं नाही. राग आहेच, पण माझ्यावर.

जोतिबाची यात्रा आटोपली, रस्ते मोकळे झालेत. गुरुवारी ९ तारखेला सकाळी आठला गाडी घेऊन दारात उभा राहतो. हॉर्न वाजवणार नाही, येऊन कडी हलवीन, तू खिडकीत बस. दुपारी डॉक्टरांची वेळ घेतलीय. लग्न होईपर्यंत तू इथं राहायचंस. गुडघ्यांना लिफ्ट आहे, उन्हाला पन्हं आहे. कैऱ्या उकडून ठेवल्यात, शालूबाई डाळ वाटणार आहेत.

आणि जिच्याशी तुझी चूक झाली, त्या बाईंना पत्र लिही. जसं मला लिहिलंस तसंच. तू लिहिलेलं कळतं माणसाला.

अट मान्य. आधी मी बसतो. तेवढीच त्यांच्या यंत्राची तपासणी होईल.

तम्मा


गडहिंग्लज, ४ मे

चि. गुरूस,

सुखरूप पोचले. घर उघडलं तर घड्याळाची टिकटिक ऐकू आली. मी समजत होते ते बंद पडलंय.

यंत्राची सवय होते आहे. एसटीत सगळं जग डब्यात खडे घालून हलवल्यासारखं वाजत होतं, म्हणून निपाणीच्या पुढे काढून ठेवलं. पण घरात छान चालतं. लग्नात माझ्या पाठीमागे दोन बायका म्हणाल्या, "म्हातारीला काय ऐकू येत न्हाय, बोल बिनधास्त." मी वळून म्हटलं, "बोला, मीही ऐकते." पुढे त्यांनी मला आइस्क्रीम आणून दिलं.

रुखवताचा विषय मनातून जात नाही. पितळी चकती, महादेवीच्या काठांची तोरणं, आणि टोपलीत त्या तुझ्या लंगड्या कुरडया. लोक शेजारचं काही न बघता तिथेच थांबत होते. मधल्या चौकटीतले हात माझेच आहेत हे मला आधी पटेना. इतक्या शिरा! सुष्मिता म्हणाली, "आत्या, हे हात बघितले की मला वाटतं माझ्या घरी कुणी मोठं माणूस आहे." हे ती माझ्या पाठीमागे, हळू बोलली होती. आणि मला ऐकू आलं. तुमच्या सगळ्यांचे मी काय उपकार फेडू? शालूबाईंनाही सांग. त्यांचं बोलणं अगदी स्पष्ट आहे, लवंग वगैरे काही नाही.

त्या बाईंना पत्र लिहिलं होतं. काल त्या स्वतः आल्या. चहा झाला, रडणं झालं. त्यांनी त्यांच्या नवऱ्याचं सगळं पहिल्यापासून सांगितलं. मी सगळं ऐकलं.

आज कुरडई तळली, तुझ्या खेपेतली, लंगडी. दाताखाली मोडली तेव्हा दचकले. कुरडई एवढी वाजते हे विसरले होते.

आता तुझं. डॉक्टरांनी दिलेला तुझा कागद तू चार घड्या करून खिशात घातलास आणि मला म्हणालास, "यंत्र बरं आहे त्यांचं." कागदावरची खाली घसरत गेलेली रेघ मी पाहिली आहे. तू कुणाला सांगितलंस का? निदान अमरसिंहला तरी सांग. दिवसभर तुझ्याशी बोलणारा माणूस तो.

आक्का


कोल्हापूर, ९ मे

ती. आक्कास,
शरणार्थ.

सुष्मिता आणि संगमेश काल जेवून गेले. जाताना तिनं वीस कुरडया आणि पितळेची चकती नेली. चकती मागताना लाजली. मी म्हटलं, ने की, तुझ्याचसाठी केली, मला कुठं ठाऊक होतं तेव्हा! घर रिकामं वाटतं, पण वाईट वाटत नाही. शालूबाई संध्याकाळी पन्हं घेऊन आल्या होत्या. मी त्यांना समोर बसवतो आता आणि ओठांकडं बघतो. पुष्कळ चांगलं बोलतात. वीस वर्षांत किती वाया घालवलं मी. तू चीक शिकवलास, पोरीचा मांडव भरला, आणि वर मला माणसं परत ऐकू आणून दिलीस. हे मी विसरणार नाही.

डॉक्टर म्हणाले होते, भट्टीजवळ चाळीस वर्षं काढली की असंच होतं. जाड आवाज राहतात, बारीक आधी जातात. चिकाचा "हुं" राहिला, पापडखारातला "खा" गेला. डावा निम्म्याच्या खाली, उजवा थोडा बरा. सोमवारी यंत्र बसवतोय, तुझ्याच कंपनीचं.

तू म्हणालीस म्हणून काल अमरसिंहला केबिनमध्ये बोलावलं आणि कागद दाखवला. म्हटलं, बाबा, असं असं आहे, तुला आधी सांगायला पाहिजे होतं. त्यानं कागद नीट बघितला, घडी करून परत दिला. मग समोर बसून, सावकाश, मोठ्यानं बोलला, म्हणजे त्याला हे करायची सवय होती.

"मालक, म्हाईत हाय की. चार वर्षं झाली. तुमी पास केलेला माल सांजच्याला तुमी घरला गेल्यावर मी परत वाजवून बघतो. आठवड्याला दोन-तीन चिरलेले निघत्यातच."

आशीर्वाद असू दे.

तम्मा